आइस (क्रिस्टल मेथ) सोडवताना गोळ्या आणि काउन्सेलिंग, दोन्ही एकदम लागतं का? कोल्हापुरातल्या अनुभवी मंडळींना विचारणा

आठवी गल्ली (धागाकर्ती), सोमवार, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. आयडी जुनाच आहे, पण या विषयावर नाव-गाव सांगणार नाही, समजून घ्या.

धाकटा भाऊ पुण्यात आयटीत होता. रात्रपाळी, फ्लॅटवरचे मित्र आणि त्यातनं आइस. आम्हाला कळलं तोवर गालफडं बसली होती, आणि शेजारच्या फ्लॅटमधली माणसं भिंतीतून आपलं बोलणं ऐकतात असं तो शपथेवर सांगत होता. घरी आणला. सुरुवातीला नुसता झोपायचा, उठला की ताटभर जेवायचा, परत झोपायचा. आईला वाटलं, सुटली एकदाची ब्याद. मग झोप उडाली आणि खरी गंमत सुरू झाली. टीव्ही नको, मोबाईल नको, पांढरा रस्सा समोर ठेवला तरी तोंड वाकडं. "दीदी, मला कशातच काही वाटत नाही," हे एकच वाक्य.

मानसोपचार डॉक्टरांनी आधी संशय जाण्यासाठी एक गोळी दिली, ती आता कमी करत आणलीय. सध्या सकाळी बुप्रोपिऑन आणि रात्री मिर्टाझापिन चालू आहे, दोन्ही मुळात नैराश्यावरच्या गोळ्या. शिवाय आठवड्यातनं एकदा काउन्सेलिंग.

आता घरचे तीन पक्ष. बाबा म्हणतात, एक नशा सोडवायला दुसरी लावली, गोळ्या बंद करा आणि नुसतं काउन्सेलिंग करा. मामा म्हणतात, बोलून काय होतंय, चांगल्या जबर गोळ्या द्या. मावशीच्या ओळखीतला एकजण सांगतोय की जिभेखाली ठेवायची एक गोळी मिळते, आठवड्यात माणूस बरा. डॉक्टरांना विचारलं तर ते नीट सांगतात, पण बाहेर रांग असते आणि घरी येईतो निम्मं विसरायला होतं. कुणाच्या घरात हे झालंय का?

सुमनआत्या, सोमवार, रात्री 11:05

बाळ, आधी तू जेवलीस का ते सांग. बाकी जाणकार सांगतीलच. पुण्याच्या मुक्तांगणचं नाव फार ऐकून आहे, 1986 पासून काम आहे त्यांचं. तिथं विचारून बघा.

पंचगंगेकाठी, मंगळवार, सकाळी 7:20

आइस? आपल्याकडं एमडी ऐकलं होतं. 2021 मध्ये चंदगडात ढोलगरवाडीला कारखाना सापडला तेव्हा पेपर भरून आले होते. नाव वेगळं आणि माल तोच ना?

पांढरा कोट, मंगळवार, दुपारी 2:15

मानसोपचारात काम करतो. तुमच्या भावाला तपासलेलं नाही, त्यामुळं सर्वसाधारण तेवढं लिहितो. डोस मुद्दाम लिहिणार नाही, इथं वाचून कुणी दुकानात जायला नको.

पंचगंगेकाठी, माल तोच नाही. एमडी म्हणजे मेफेड्रोन, आइस म्हणजे मेथाम्फेटामाइन. दोन्ही मेंदूला चाबूक मारणारीच, पण औषधांचे जे अभ्यास झालेत ते मेथवर झालेत. ते जसेच्या तसे एमडीला लावता येत नाहीत. त्यामुळं नक्की काय घेत होता हे डॉक्टरांना खरं सांगणं महत्त्वाचं.

धागाकर्तीताई, मेथच्या व्यसनासाठी म्हणून खास मान्यता मिळालेलं एकही औषध आज नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानंही अजून कुठल्याच औषधाला ती दिलेली नाही. जिभेखालची गोळी म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन, ती ब्राउन शुगर, हेरॉइन या अफूच्या वंशातल्या नशेसाठी. मेथचा त्या कुळाशी संबंध नाही. मावशीच्या ओळखीच्या माणसाला नमस्कार सांगा आणि तो विषय तिथंच सोडा.

मग गोळ्या कशाला? मेथ मेंदूतल्या पेशींतलं डोपामिन, म्हणजे आनंद-उत्साहाचं रसायन, उपसून बाहेर ओततं. नशा थांबली की विहीर कोरडी. तुमचा भाऊ जे म्हणतो, कशातच काही वाटत नाही, ते या कोरड्या विहिरीचं बोलणं आहे, नाटक नव्हे. दीर्घकाळ मेथ घेतलेल्यांच्या मेंदूच्या तपासण्यांत असं दिसलंय की डोपामिनची यंत्रणा सावरायला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागतं. तेवढा काळ झोप नाही, उत्साह नाही, भूक वेडीवाकडी अशा अवस्थेत माणूस काउन्सेलरसमोर बसला तरी कानावर काही पडत नाही. गोळीनं झोप लागते, मन थोडं वर येतं, ओढ थोडी कमी होते. त्या मोकळ्या झालेल्या जागेत काउन्सेलिंगनं काम करायचं असतं.

आकडे हवेत म्हणून सांगतो. जानेवारी 2021 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. 403 जण होते. नाल्ट्रेक्सोनचं दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन आणि जोडीला रोज बुप्रोपिऑन. या औषधांना प्रतिसाद देणारे 13.6 टक्के, खोटं औषध (तुलनेसाठी दिलेलं, आत औषधच नसलेलं) घेणाऱ्यांत 2.5 टक्के. म्हणजे फरक खरा आहे, पण शंभरातले शहाऐंशी जण नुसत्या औषधावर पार झाले नाहीत हेही तितकंच खरं. मिर्टाझापिनवर सॅन फ्रान्सिस्कोत दोन अभ्यास झाले, पहिला 2011 मध्ये 60 जणांवर. तिथंही मेथ घेणं कमी झालं, आणि गोळी खरी असो वा खोटी, काउन्सेलिंग सगळ्यांना होतं.

वडिलांना सांगा, बुप्रोपिऑन सिगारेट सोडवायलाही वापरतात. या गोळीनं नशा चढत नाही. मात्र फिट्स येत असतील, किंवा रोजची दारू अचानक तोडली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचं. तिथं ही गोळी धोक्याची.

फौंड्रीवाला, मंगळवार, रात्री 9:50

ताई, मी त्यातनंच आलोय. नवी मुंबईत होतो, आता शिरोलीला कामाला.

डॉक्टरसाहेबांनी सांगितलं ते खरं हाय, पण मी आपल्या भाषेत सांगतो. गोळीनं मला झोप दिली. झोप म्हंजे काय असती ते मी विसरलो हुतो. पण गोळी काय माझ्या खिशातला मोबाईल काढून घेत न्हवती. पगाराचा मेसेज वाजला की तोंडाला पाणी सुटायचं, हात आपोआप त्या माणसाच्या नंबरवर. आता गोळी कितीबी भारी असू दे, पगाराची तारीख ती बदलत न्हाई.

काउन्सेलर बाईनी काय केलं, माझ्याकडनं एका वहीत सगळं लिहून घेतलं. ओढ कधी लागली, त्याच्या आधी काय झालं, कोण सोबत हुतं, अंगात कुठं जाणवलं. मला वाटायचं ओढ आभाळातनं पडती. वही भरल्यावर दिसलं की पगार, रात्रीचा उपास आणि बायकोशी भांडण, ह्या तिघांच्या मागोमागच येती. मग पगार बायकोच्या खात्यावर वळवला. नंबर बदलला. पगाराच्या दिवशी कामावरनं थेट तालमीत, घरी न्हाई. आणि ओढ आली की घड्याळ बघत बसायचं, वीस मिनिटं, अर्धा तास. लाट असती ती, चढती आणि उतरती बी. हे शिकायला मला लई दिवस लागले.

तुमच्या बाबांना माझा नमस्कार. माझे वडील बी असंच म्हणायचे.

मेडिकलवाला, बुधवार, सकाळी 11:30

काउंटरच्या या बाजूनं दोन गोष्टी. "झोप येत नाही" म्हणून चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलाम मागायला येणारी पोरं हल्ली फार. ती गोळी स्वतःच सवय लावणारी आहे. भावाला कुणी मित्र आणून देत असेल तर लक्ष ठेवा. दुसरं, पुढं कधी डॉक्टरांनी नाल्ट्रेक्सोन दिलं तर ते चालू असताना ट्रामाडोल, कोडीनचं खोकल्याचं औषध असलं काही घ्यायचं नाही. ही अफूच्या वंशातली औषधं, नाल्ट्रेक्सोन त्यांचा असर अडवतं. ऑपरेशन, दातकाम, अपघात, कुठंही गेलात तर पहिलं वाक्य तेच सांगायचं.

कट्टर_सच्चा, बुधवार, दुपारी 1:10

गोळी ती गोळीच. मी एनएच्या (नार्कोटिक्स अॅनॉनिमस, व्यसनी लोकांचा स्वमदत गट) मीटिंगला जातो, एकही गोळी न घेता स्वच्छ आहे. मनाचा निर्धार नसेल तर डॉक्टर काय करणार?

पांढरा कोट, बुधवार, दुपारी 3:40

तुमचं अभिनंदन, मनापासून. पण एनएच्या परंपरेतच बाहेरच्या विषयांवर संघटनेनं मत द्यायचं नाही असा नियम आहे, आणि डॉक्टरनं दिलेलं औषध हा बाहेरचाच विषय. एखाद्याला गोळीशिवाय जमलं म्हणून दुसऱ्याची गोळी सोडवायला जाऊ नका. मेथ उतरल्यानंतरचे आठवडे आत्महत्येच्या विचारांचे असू शकतात. असं काही बोलणं कानावर आलं तर निर्धाराची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. रात्री-अपरात्री टेलि-मानसचा 14416 आहे. व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446.

आठवी गल्ली (धागाकर्ती), बुधवार, रात्री 10:15

सगळ्यांचे आभार. सुमनआत्या, जेवले. फौंड्रीवाला दादा, तुमचा प्रतिसाद भावाला वाचून दाखवला. आज पहिल्यांदा स्वतःहून वही मागितली.

आता नवीन भांडण. काउन्सेलरनी सुचवलंय की घरी लघवीची तपासणी करायची, ठरलेल्या वारी. निगेटिव्ह आली की त्याच दिवशी त्याला आवडेल असं काहीतरी छोटं द्यायचं. ओळीनं निगेटिव्ह येत गेली की वाढवत न्यायचं. बाबा भडकले. "नशा केली नाही म्हणून बक्षीस? आम्ही आयुष्यभर केली नाही, आम्हाला कुणी दिलं?" खरं सांगायचं तर मलाही पटकन उत्तर सुचलं नाही.

वाचनमात्र, बुधवार, रात्री 11:00

बाबांचा मुद्दा बिनतोड आहे हो. हसू नका, पण आहे.

पांढरा कोट, गुरुवार, सकाळी 8:05

बिनतोड आहे, पण गंमत अशी की मेथ-कोकेनसारख्या नशांमध्ये आजवर सगळ्यात जास्त गुण याच पद्धतीचा दिसलाय, औषधांपेक्षाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत 2011 पासून चालू आहे. सुकलेल्या मेंदूला "पाच वर्षांनी तुझं चांगलं होईल" ही भाषा कळत नाही. त्याला आजचं आज काहीतरी लागतं. नशा तेच देत होती ना, ताबडतोब.

घरी करायचं तर काउन्सेलरच्या देखरेखीखाली आणि नियम आधीच ठरवून. बक्षीस छोटं, त्याच दिवशी, आणि रोख रक्कम शक्यतो नको. पॉझिटिव्ह आली तर त्या दिवशी बक्षीस नाही, पुढची सुरुवात परत खालून. बस्स. ओरडणं नाही, मागचं उकरणं नाही, शेजारच्या पोराचं उदाहरण नाही. आपल्या घरांत हे शेवटचंच सगळ्यात अवघड जातं.

फौंड्रीवाला, गुरुवार, रात्री 8:30

माझ्या वेळी मेव्हणा खासबागजवळ मिसळ खायला न्यायचा, निगेटिव्ह आली की. चाळिशीतला माणूस मी, पोरं-बाळं असलेला, पण सकाळपास्नं त्या मिसळीची वाट बघायचो. लाज बी वाटायची आणि मजा बी.

हुपरीची सून, शुक्रवार, दुपारी 12:20

ताई, थोडं वेगळं विचारते. आमच्या नात्यातल्या मुलाला एका खाजगी केंद्राची माणसं रात्री गाडी आणून उचलून घेऊन गेली. दार बंद, फोन नाही, औषधं काय देतात विचारलं तर उत्तर नाही. पैसे मात्र आगाऊ. असं चालतं का? आणि दवाखान्यात नाव लागलं की पोलिस केस होते म्हणून घरचे सरकारी दवाखान्यात जायला घाबरतात.

पांढरा कोट, शुक्रवार, रात्री 9:00

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळं होणारे त्रास येतात. त्यामुळं अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते आणि रुग्णाचे हक्कही लागू होतात. नोंदणी दाखवा, मानसोपचारतज्ज्ञ कोण, औषधं कोणती, घरच्यांना कधी भेटू देणार, हे प्रश्न दारातच विचारा. उत्तर मिळत नसेल तर तिथं ठेवू नका.

पोलिसांचं म्हणाल तर उपचारासाठी ओपीडीत गेलात म्हणून डॉक्टर कुणाला पकडून देत नाहीत. उलट 1985 च्या एनडीपीएस कायद्यात कलम 64अ आहे. सेवनाचा किंवा अगदी अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. प्रत्यक्ष केस असेल तर वकील गाठा. बाकी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार ओपीडी आहे, तिथनं सुरुवात करायला हरकत नाही.

आठवी गल्ली (धागाकर्ती), रविवार, सकाळी 9:10

घरात आग लागलीय. आज किट केलं. ज्यात पाच-सहा पट्ट्या असतात ते. त्यात रेघ उमटली तर निगेटिव्ह, नाही उमटली तर पॉझिटिव्ह, असं उलटं असतं. बाकी सगळीकडं रेघ आली, मेथच्या पट्टीवरही फिकट का होईना पण आली. अॅम्फेटामाइन लिहिलेल्या पट्टीवर काहीच नाही. बाबांनी पट्टी उजेडात धरून, चष्मा लावून, काढून, परत लावून बघितली. आणि मग जे बोलले ते इथं लिहीत नाही. भाऊ म्हणतोय घेतलं नाही. गुरुवारपासून तो घराबाहेर एकटा पडलेला नाही, हे मला माहितीय. पण यापूर्वीही तो असंच डोळ्यांत बघून खोटं बोलायचा. कुणावर विश्वास ठेवू?

मेडिकलवाला, रविवार, सकाळी 9:25

थांबा! बुप्रोपिऑन चालू आहे ना?

पांढरा कोट, रविवार, सकाळी 9:50

मेडिकलवाले, बरोबर पकडलंत. घरच्या किटमधल्या पट्ट्या रेणूच्या ढोबळ आकारावरून ओळखतात. बुप्रोपिऑनचे लघवीतून जाणारे अंश अॅम्फेटामाइनसारखे दिसतात आणि पट्टी फसते. हे वैद्यकीय साहित्यात नोंदलेलं आहे. सर्दीच्या काही गोळ्यांनीही होतं. मेथ घेतलं असतं तर शरीरात त्याचंही अॅम्फेटामाइन बनतं, पण मग बहुधा मेथच्या पट्टीवरची रेघही गेली असती. पट्टीवर फिकट रेघ म्हणजेही रेघच.

तरी यावरून "घेतलं नाही" असा निकाल मी इथं बसून देणार नाही, आणि वडिलांनीही "घेतलं" असा देऊ नये. नमुना आजच लॅबमध्ये द्या आणि खात्रीची तपासणी मागा. गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री असं नाव आहे, थोडक्यात जीसीएमएस. लॅबवाले बाहेरगावी पाठवतील, दिवस लागतील, पट्टीपेक्षा खर्चही जास्त. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी सोबत लिहून द्या. मेथ लघवीत साधारण दोन ते चार दिवस सापडतं, म्हणून नमुना उद्यावर ढकलू नका. आणि या गोंधळात बुप्रोपिऑन आपल्या मनानं बंद करू नका.

फौंड्रीवाला, रविवार, सकाळी 10:30

ताई, निकाल येईपर्यंत त्याला एकटं सोडू नका, पण पहारा बी देऊ नका. खरं बोलून बी खोटा ठरलेला माणूस लई वाईट असतोय. "न्हाईतरी म्हणणारच हायत, तर घेऊनच टाकू" असं डोक्यात येतं. माझ्या बी आलं हुतं.

आठवी गल्ली (धागाकर्ती), रविवार, दुपारी 4:00

नमुना दिला. बाबा स्वतः गाडीवर बसवून घेऊन गेले. वाटेत दोघं एक अक्षर बोलले नाहीत म्हणे.

आठवी गल्ली (धागाकर्ती), पुढच्या शनिवारी, सायंकाळी 6:20

रिपोर्ट आला. मेथाम्फेटामाइन नाही, अॅम्फेटामाइन नाही.

डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, घरचं किट बंद, यापुढं तपासणी त्यांच्याकडं आणि शंका आली तर लॅब. बुप्रोपिऑन चालू ठेवलंय, मिर्टाझापिनचं प्रमाण कमी केलं कारण सकाळी डोळे उघडत नाहीत आणि वजन वाढतंय. काउन्सेलरनी पुढच्या वेळी बाबांनाही बोलावलंय. बाबा म्हणाले, "मला काय झालंय?" पण तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली, त्यांच्याच अक्षरात. बक्षीस द्यायला अजून तयार नाहीत. आज मात्र "याच्या गाडीत पेट्रोल टाकून आण" म्हणून मला पैसे दिले. त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

वाचनमात्र, शनिवार, सायंकाळी 7:00

बक्षीसच. पण त्यांना सांगू नका.

हुपरीची सून, शनिवार, रात्री 8:45

वाचून बरं वाटलं. आमच्या मुलाला त्या केंद्रातून आणलं, सोमवारी ओपीडीला नेतोय. एक विचारायचं राहिलं, या गोळ्या किती दिवस घ्यायच्या असतात? आमच्या सासूबाईंचा पहिला प्रश्न तोच असणार.

पांढरा कोट, शनिवार, रात्री 10:10

ठरलेलं उत्तर नाही. अभ्यास काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे आहेत, माणसाचं आयुष्य त्याहून लांब. झोप, मन, ओढ आणि काउन्सेलिंगमध्ये शिकलेलं किती टिकतंय, हे बघत डॉक्टर ठरवतात. बंद करायची वेळ मात्र निवडून घ्यावी. नवीन नोकरीचा पहिला महिना, घरातलं कार्य, गावची जत्रा, जुने मित्र भेटण्याचे दिवस, अशा वेळी गोळ्या कमी करायला घेऊ नयेत. आणि गोळ्या थांबल्या तरी काउन्सेलिंग त्याच दिवशी थांबवू नये. ते मागं रेंगाळलेलं बरं.

आठवी गल्ली (धागाकर्ती), शनिवार, रात्री 10:30

आमच्याकडं मे महिन्यात चुलतबहिणीचं लग्न आहे, पुण्याची सगळी गँग येणार. म्हणजे आम्ही जूनमध्ये विचारू.